वैजनाथ सरांचा दुसरा इशारा

आमच्या युसूफ वडगावात आठ दिवसांतून एकदा नळाला पाणी येतं. ते आलं की गल्लीत अशी पळापळ होते की विचारू नका. हंडे, घागरी, टिपाडं, लेकरांच्या अंघोळीची बादली, जे हाताला लागेल ते नळाखाली. या गोंधळात एक माणूस आपल्या ओट्यावर निवांत बसलेला असतो. ते वैजनाथ सर.

"सर, पाणी आलंय!" मी समोरून ओरडते.

"पहिला इशारा मिळाला," सर म्हणतात. "दुसरा येऊ द्या."

दुसरा म्हणजे आणखी कुणीतरी आपणहून येऊन सांगायला हवं, की होय, पाणी आलंय. मगच सर तोटी फिरवणार. आता पाण्याच्या दिवशी कोण कुणाच्या दारात सांगायला जातंय? दोनदा तर दुसरा माणूस येईस्तोवर पाणी गेलंसुद्धा. सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, रिकामा हंडा त्यांच्या पुढ्यात आदळला. "आता प्या तुमचा इशारा!"

सरांचं घर आमच्या गिरणीच्या अगदी समोर. गिरणी पिठाची. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण चालवते मी, त्यामुळे गावातली निम्मी भानगड माझ्या कानावरून जाते. सर तीसेक वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले, पण शिकवण्याची खोड काही गेली नाही. पोरं मिळेनात, म्हणून त्यांनी दळणाला आलेल्या बायका धरल्या. लाईट गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद झाली की सरांचा तास सुरू. तोंडाला मास्क लावून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. विषय एकच, टी पेशी. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यातल्या या सरांच्या लाडक्या.

"हे बगा," सर सुरू करायचे, "अंगात जंतू शिरला की एक टेहळणी पेशी त्याला खाती. त्याचा तुकडा घेऊन काखेतल्या नाहीतर मानेतल्या गाठीत जाती. तिथं टी पेशी रिकाम्या बसलेल्या असत्यात, पारावर माणसं बसत्यात तशा. ही एकेकीला तुकडा दाखवती. ह्याला ओळखती का? न्हाई. तू? न्हाई. असं करत करत जिचा मेळ बसतो ती एखादीच उठती. पण उठली म्हणून पळत सुटत न्हाई, बरं का! टेहळणीवालीनं दुसरा इशारा द्यावा लागतो, की बाई, खरंच धोका हाय. तो न्हाई मिळाला तर ती जागच्या जागी थंड पडती."

"कावून ओ सर? एवढी कशाला चौकशी?"

"चौकशी न्हाई केली तर आपल्याच अंगावर उठत्याल की! नुसत्या एका शब्दावर भांडण काढणारी माणसं गावात कमी हायेत का?"

हे मात्र सगळ्यांना पटायचं. मग एकीच्या हजार कशा होतात, काही मारणाऱ्या, काही मदतीला हाका मारणाऱ्या, काही भांडण आवरणाऱ्या, असं सर सांगत जायचे. "आन काही लक्षात ठेवणाऱ्या. रोग गेला तरी वर्षानुवर्षं इसरत न्हाईत."

"म्हंजे आमच्या नणंदेवाणी," एक बाई म्हणाली. "माझ्या लग्नातल्या लाडवाचं आजून काढती."

"अगदी बरोबर! दहापैकी दहा!" सर एवढे खूश झाले की त्या बाईचं दळण त्यांनी स्वतः घरी पोचवलं.

पण ही सगळी हौस नुसती हौस नव्हती. तीन वर्षांपूर्वी सुमनकाकूंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सरांनी आपलं एक दिलं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, सरांचं चार दिवस कौतुकही झालं. पुढचं कुणाला कळलं नाही. नवं मूत्रपिंड बसवलं म्हणजे काम झालं, असं आम्हाला वाटलं. मोटारीचा पंप बदलतात तसं.

"ते तिच्या पोटात हाय, पण हाय माझं," सर सांगायचे. "तिच्या टी पेशी त्याला रोज इचारत्यात, कुनाचा बे तू? आन एकदा का त्यांना नीट उत्तर मिळालं, तर फाडून खात्याल. म्हणून त्यांना गोळ्या देऊन झोपवून ठेवायचं. सकाळी आठ, रात्री आठ. जन्मभर."

आठच्या ठोक्याला गोळी म्हणजे आठच्या ठोक्याला. आणि त्या पेशी झोपलेल्या म्हणून साधी सर्दीसुद्धा काकूंना महागात पडायची. त्यामुळे फाटकावर साबण, बादली आणि सर. "शिंक आलती का? लेकराला ताप? मागच्या आठ दिवसांत कुठं गेलतात?" सरपंच मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले आणि नेमके फाटकात शिंकले. सरांनी पत्रिका सांडशीनं धरून घेतली आणि उन्हात वाळत घातली. सरपंच जे गेले ते परत फिरकले नाहीत. हळूहळू बाकीचेही थांबले. कोण अपमान करून घ्यायला जातंय? "बायकोला कोंडून ठेवलंय मास्तरनं," असं बायका बोलायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मीपण बोलले.

संक्रांतीला काकू कुणाच्याच हळदीकुंकवाला आल्या नाहीत. मला लई वाईट वाटलं. त्यांच्या घरामागच्या भिंतीवरून डोकावले तर काकू एकट्याच मोड आलेली मटकी निवडत बसलेल्या. चेहरा उतरलेला, दंड काडीसारखे. सरांचा असा राग आला मला! म्हटलं, या माणसानं गोळ्या चारून चारून बाईची सगळी ताकद घालवली. आमच्या शेतातल्या लिंबावर गुळवेल चढलाय. ताप असो, अशक्तपणा असो, आमच्याकडं सगळ्याला गुळवेलाचाच काढा. रोगाशी लढायची शक्ती वाढते म्हणतात. झालं! सर सकाळी दूध आणायला गेले की मी भिंतीवरून फुलपात्र द्यायची.

"मंदे, यांना कळालं तर?"

"कळतंय कशाला? प्या गुमान."

काकू नाक मुरडत प्यायच्या आणि मग आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून गप्पा मारायचो. असे अठरा दिवस गेले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

एकोणिसाव्या दिवशी काकूंचे पाय सुजले. सरांनी गाडी केली आणि लातूरला नेलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. गिरणीत आठ-दहा डबे रांगेत होते. "मंदाताई, टी पेशी जाग्या झाल्यात," सर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "माझं मूत्रपिंड नाकारायलेत. डॉक्टर इचारायलेत, बाहेरचं काही औषध, काढा, पाला घेतला का? सुमन म्हणती काहीच न्हाई घेतलं. तुमाला काही माहीत हाय का?"

काकूंनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण लढायची शक्ती वाढली की त्या पेशी सरांच्या मूत्रपिंडाचं काय करतात, हे मी त्यांच्याच तासाला बसून ऐकलेलं. मी पट्टा बंद केला.

"सर, मी दिला. गुळवेल. अठरा दिवस, रोज एक फुलपात्र."

मला वाटलं आता आईबापाचा उद्धार होणार. झाला असता तर बरं झालं असतं.

"बरं झालं सांगितलंत," सर म्हणाले. "डॉक्टरांना सांगतो." फोन बंद झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी एकही डबा दळला नाही, सगळ्यांना परत पाठवलं.

तीन आठवडे मोठमोठी इंजेक्शनं चालली. मी रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. शेवटी कळलं, मूत्रपिंड वाचलं. नेमकं कशानं बिनसलं हे डॉक्टरांना छातीठोक सांगता येईना, पण असलं काही परत देऊ नका म्हणाले. काकू घरी आल्या.

मी फाटकापाशी गेले. साबणानं तीनदा हात धुतले, मास्क लावला आणि तिथंच उभी राहिले. सर ओट्यावर बसले होते. निम्मे झाले होते.

"सर, तुमी मला पायताणानं मारा," मी म्हटलं आणि रडायला लागले.

"बसा," सर म्हणाले. मी फाटकाबाहेरच्या दगडावर बसले.

"ती खोटं का बोलली म्हाईत हाय का? तुमाला बोल लागू नये म्हणून. तीन वर्षांत भिंतीवरून डोकावणाऱ्या तुमी एकट्या. काढा कडू लागायचा म्हणती, पण सकाळची वाट बघायची." "फाटक मीच लावलं, मंदाताई. तिला जगवायचं म्हणून लावलं. आन तिला एकटं पाडलं तेबी मीच."

सर उठले आणि त्यांनी फाटकाची कडी काढली.

"लग्न होऊन आली तवा वर्षभर चुलीपाशी बसून रडायची ही," ते म्हणाले. "आई म्हणायची, परकी पोर हाय, व्हईल सवय. मी पुस्तक घेऊन बसायचो. काय होतंय म्हणून एकदा इचारलं न्हाई. आता माझा तुकडा तिच्याकडं नांदायला गेलाय. रोज सकाळी तिच्या पोटावर हात ठेवतो आन म्हणतो, बाई, सांभाळून घे त्याला."

"मग काकू काय म्हणतात?"

सरांनी मास्क वर सरकवला, पण भरलेले डोळे काही झाकले गेले नाहीत.

"म्हणती, मला झाली की सवय. त्यालाबी व्हईल."