बोमीनं काय उचललं

“आमची बोमी पंखाच उचलणार! रक्तातच पान्सोरी आहे तिच्या!” असं ओक-बुन आजींनी मासळीबाजारात, केस कापायच्या दुकानात आणि येता-जाता लिफ्टमध्येही जाहीर करून टाकलं होतं.

हातात पंखा धरून, ढोलाच्या साथीवर तासन्‌तास पान्सोरीच्या कथा गाण्यात जॉन्जू शहरात त्यांचा जन्म गेला होता. आता शिकायला कुणी येत नव्हतं. उरली होती ती एक नात, आणि तिचा आज पहिला वाढदिवस.

पहिल्या वाढदिवशी बाळापुढे वस्तू मांडतात. बाळ जे उचलेल, ते त्याचं भविष्य. तांदूळ, दोरा आणि पेन्सिलीशेजारी आजींनी आपला पंखा ठेवला. व्याही चोल-गू यांनी आवाजाला कंप देत ट्रॉटची गाणी गायचा चकचकीत माइक स्पीकरला जोडून ठेवला. आजींच्या मुलानं, बोमीच्या बाबानं, म्हणजे दोह्यॉकनं इलेक्ट्रिक गिटारचा पट्टा ठेवला. ठरलं असं, की ज्याची वस्तू उचलली जाईल त्यानंच जेवणाच्या वेळी गायचं.

आजींनी नशिबावर भार टाकला नाही. पंख्याच्या दांडीला त्यांनी गुपचूप तांदळाचा पाक चोपडला. थोडासाच. म्हणजे अर्धी वाटी.

बोमी रांगत आली. तिनं दांडी चाटली आणि गच्च धरली.

“बघा!” आजी ओरडल्या.

मग बोमीनं पंखा सोडून पाहिला. सुटेना! तिनं हात झटकला, पंखा माइकवर आदळला, माइक घरंगळत थेट स्पीकरपुढे गेला आणि घर असं किंचाळलं, की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चपला न घालताच वर आले. बोमीनं भोकाड पसरलं.

“काय घोगरा आवाज लागलाय! पान्सोरीसाठी गळा तयार करायला धबधब्यापुढे वर्षानुवर्षं ओरडलं तरी असा लागत नाही!” आजी म्हणाल्या.

“विहीणबाई, तो कंप ऐका जरा. अस्सल ट्रॉट!” चोल-गू म्हणाले.

“काहीतरीच काय! हा शुद्ध रॉक आहे,” दोह्यॉक म्हणाला.

दारातले गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. “मला तर हे बाळ रडतंय असं वाटतंय,” ते म्हणाले.

सून सुल्गी एव्हाना पोरीला उचलून बेसिनपाशी गेली होती. कोमट पाण्याखाली बोमीचा हात धरून, काहीबाही गुणगुणत तिनं एकेक बोट सोडवलं. बोमी हुंदके देत देत तिच्या खांद्यावर झोपून गेली.

आजी जवळ आल्या. “हे कुठलं गं गाणं?”

“गाणं कसलं, आई! भांडी घासताना येतं तोंडात. पण मला एक सांगा, पंख्याला पाक कसा लागला?”

“शूऽऽ!” आजी घाईघाईनं म्हणाल्या. “बाळ उठेल. जेवताना कुणीही गायचं नाही!”