झुंबर तिसऱ्या मजल्यावर बसते

नागेशने फ्लॅट सोडायचं ठरवलं, ते चहात थेंब पडला म्हणून.

तसा थेंब रोजच पडायचा. गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीला चीर, आणि चिरेच्या बरोबर खाली नागेशची खुर्ची. खुर्ची सरकवली की थेंबही सरकायचा. (छत एकदा ओलं झालं की थेंबाला कुठूनही पडायची मोकळीक असते. भाडेकरूला कुठं जायची मोकळीक नसते, एवढाच फरक.) पण त्या रविवारी थेंबाबरोबर चुन्याचा पापुद्राही आला, चहावर तरंगला, आणि नागेशने तो साय समजून मिटक्या मारत खाल्ला.

"आता बास!" तोंड पुसत तो म्हणाला. "हा फ्लॅट सोडायचाच."

"हे तुम्ही दिवाळीपासून म्हणताय," त्याची बायको सुकन्या म्हणाली. "आता बाजारात आंबे आले."

फ्लॅट बारामतीत, तिसऱ्या मजल्यावर. इमारत हिंदुरावांची. हिंदुराव म्हणजे वरकुट्याचे ऊसवाले. एका साली ऊस झकास गेला, तेव्हा त्यांनी बारामतीत तीन मजले चढवले आणि बायकोच्या नावानं 'कुशाकुंज' असा बोर्ड ठोकला. मग एकदा ते पुण्याला मेहुण्याकडे जाऊन आले. तिथलं घरभाडं ऐकून त्यांना इतका आनंद झाला की तेच त्यांनी इथं लावून टाकलं. बाकीचं मात्र सगळं रानातलंच राहिलं. न्हाणीघराचा उतार हॉलकडे. (जन्मभर पाटानं पाणी दिलेला माणूस, गवंड्याला दुसरं काय सांगणार?) पंख्याचं बटण दाबलं की शेजारची बेल वाजायची. लिफ्टची जागा सोडलेली होती, तिच्यात कडबा. विचारलं की हिंदुराव म्हणायचे, "लिफ्ट येनार हाय. तवर कडबा कुठं ठिवू?"

आता प्रश्न असा, की हे सगळं हिंदुरावांना सांगायचं कुणी?

नागेश दूध डेअरीच्या ऑफिसात कारकून. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची त्याला इतकी सवय, की स्वतःची तक्रार करायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. हिंदुराव भाडं न्यायला आले की हा आरशापुढं पाठ केलेलं भाषण घेऊन दाराशी जायचा, दार उघडायचा आणि म्हणायचा, "तात्या, चहा घेणार ना?" तात्या घ्यायचे. वर दोन बिस्किटंही घ्यायचे.

म्हणून नागेशने एक युक्ती काढली. गावाकडून, कळसहून, वडिलांना बोलवायचं, फ्लॅट दाखवायचा, ते म्हणणार सोड, आणि मग हिंदुरावांना सांगायचं, 'आमच्या आबांची इच्छा नाही.' आपल्या भागात बायकोचं ऐकलं तर लोक हसतात. बापाचं ऐकलं तर मान डोलावतात.

आबाजी पुढच्या रविवारी आले ते दुधाच्या टेम्पोतून, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी आणि सोबत एक मेंढी.

"आबा, ही कशाला?"

"झुंबर हाय ही. वळखली न्हाईस व्हय? तुझ्या लग्नात मांडवात आलती."

आबाजींचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता कळप भावकीकडे सोपवला होता, पण ही म्हातारी झुंबर त्यांनी ठेवून घेतली होती. घरात नागेशच्या आईपेक्षा, बानूबाईपेक्षा, तिचा सल्ला जास्त घेतला जाई, असं बानूबाईच सांगत असे.

आबाजींनी फ्लॅट बघितला. भिंतीवर टिचकी मारली, तर बोट आत गेलं. मग त्यांनी विचारलं, "ह्या जागंचं तुला काय मिळतं?"

"मिळत नाही आबा. मी देतो. भाडं."

आबाजी खुर्चीवरून उठले. "तू बसतोस, आन वर तूच देतोस?"

"म्हणजे… सगळेच देतात."

"आरं, आमी जन्मभर दुसऱ्याच्या रानात बसलो. रातभर मेंढरं बसवायची, लेंडीखत पडायचं, आन रानाचा मालक हात जोडून धान्य द्यायचा. वर भाकरी, कोरड्यास! तुला शाळंत घातला तितंच चुकलं बग."

"मग सोडू ना आबा?" नागेशने आशेने विचारलं.

"ते मी कोण सांगनार? झुंबर सांगंल. वंगाळ जागंवर मेंढरू बसत न्हाय. बसलं, तर जागा चांगली. न्हाय बसलं, तर उद्याच्याला बिऱ्हाड हलीव."

सुकन्याला हा सासरा त्या क्षणी जगातला सगळ्यात शहाणा माणूस वाटला. "बरोबर आहे मामंजी," ती म्हणाली. "या घरात चिमणीसुद्धा टेकत नाही." आणि तिनं पदर खोचून टेबल-खुर्च्या बाजूला केल्या.

झुंबर जिना चढून आली. (पुढून आबाजी ओढत होते आणि मागून नागेश ढकलत होता. डेअरीतले दोन जण खालून जाताना वर बघत होते, पण ते सोडा.) तिनं आधी बेडरूम हुंगली. सुकन्या खूश. मग स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबिरीची जुडी संपवली. सुकन्या तरी खूशच. मग न्हाणीत डोकावून शिंकली.

"बघा, शिंकली!" सुकन्या टाळी वाजवून म्हणाली. "भरते मी भांडी."

तेवढ्यात झुंबर हॉलच्या गळक्या कोपऱ्यात गेली. वैशाखाचं ऊन, बाहेर डांबर वितळतंय, आणि इथं भिंत गार, फरशी ओली, वरून अंगावर टिप टिप. झुंबरने पुढचे पाय दुमडले, मग मागचे दुमडले, डोळे अर्धे मिटले आणि रवंथ सुरू केला.

"झालं," आबाजी म्हणाले. "सोनं हाय जागा."

"अहो मामंजी, ती उकाड्यानं बसली!"

"का बसली ते इचारायचं नसतं, सूनबाई."

"मग तिलाच ठेवा इथं! मी चालले माहेरी." सुकन्यानं हातातलं पातेलं असं आपटलं की शेजारची बेल आपोआप वाजली असती.

नागेशने झुंबरला उठवायचा प्रयत्न केला. ती उठेना. शेवटी तिघांनी मिळून उभी केली आणि जिन्यापर्यंत आणली, तर खाली बघून तिनं असे पाय रोवले की बस. मेंढरू चढण चढतं. उतरायला तीन मजल्यांचा गुळगुळीत जिना त्याच्या बापजाद्यानं पाहिलेला नसतो. आणि नेमकी त्याच वेळी खालून हिंदुरावांची राजदूत मोटारसायकल फटफटली. भाड्याचा दिवस!

"आबा, आत! आत घ्या तिला!"

झुंबरला न्हाणीत कोंडून नागेशने दार उघडलं. हिंदुराव आणि मागं कुशाबाई, दोघं धापा टाकत आत आले.

"तात्या, चहा घेणार ना?"

"घिऊ की. हे कोन?"

"आमचे वडील. आबाजी."

"रामराम, पाव्हनं."

"ब्यॅऽऽ," न्हाणी म्हणाली.

नागेश जोरात खोकला. "उन्हाळी खोकला झालाय."

"ब्यॅऽऽऽ!"

"आन तुमचा खोकला न्हानीत ऱ्हातो व्हय?" हिंदुरावांनी विचारलं. त्यांनी न्हाणीचं दार उघडलं, तशी झुंबर त्यांच्या दोन्ही पायांमधून निघून आपल्या कोपऱ्यात गेली, तिथं थोडं लेंडीखत टाकलं आणि पुन्हा बसली.

आता बघा गंमत. सुकन्याचं डोकं चाललं. तिनं नवऱ्याच्या कानात सांगितलं, "अहो, आता हेच आपल्याला हाकलतील! आपण काही सांगायलाच नको." नागेशच्या अंगात एकदम दहा हत्तींचं बळ आलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हिंदुरावांपुढं ताठ उभा राहिला.

"होय तात्या, मेंढी पाळलीय! अजून आणणार आहे! गच्चीवरसुद्धा ठेवणार! तुम्हाला पटत नसेल तर… तर आम्ही जागा खाली करतो!"

हिंदुराव खाली वाकले, एक लेंडी उचलली, बोटांत चुरली आणि तिचा वास घेतला.

"कुशे," ते हळूच म्हणाले, "लेंडी बग. काय माल हाय!"

"व्हय की वो," कुशाबाई म्हणाली. तिनं पिशवीतून कागद काढला आणि खाली बसून एकेक लेंडी वेचायला घेतली. "वाया जाऊ द्यायचं न्हाय. तुळशीला घालीन."

हिंदुरावांनी आबाजींपुढं हात जोडले. "आबा, किती हायती मेंढरं?"

"भावकीची धरून दोनशे भरतील. कळसच्या माळावर हायती."

"आवो, दोन सालं झाली, बसवायला मेंढरं मिळंनात! नुसतं रासायनिक मारून मारून रान दगड झालंया. इंदापूर पालथं घातलं. आन हितं माज्याच घरात मेंढका बसलाय! वरकुट्याला चला. मागाल त्येवढी ज्वारी देतो."

"ज्वारी तर हायच," आबाजी म्हातारपणाच्या सवडीनं म्हणाले. "पर माजा पोरगा वल्यात ऱ्हातोय."

"टाकी उद्याच्या उद्या बदलतो!"

"न्हानीचा उतार."

"फोडून नवा करतो!"

"आन भाडं. पुण्याचं."

हिंदुरावांनी कोपऱ्यातल्या झुंबरकडं बघितलं. "निम्मं," ते म्हणाले, आणि कुशाबाईनं वेचता वेचता कपाळावर हात मारला.

नागेश आ वासून बघत राहिला. जे दिवाळीपासून त्याला जमलं नाही, ते एका मेंढीनं बसल्या बसल्या केलं होतं. सुकन्यानं पातेलं परत फळीवर ठेवलं आणि आत जाऊन सगळ्यांसाठी शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

"एक अडचन हाय," शिरा खाताना आबाजी म्हणाले. "लगीनसराई चाललीय. कळपामागं एक मानूस कमी पडतोय. माजं गुडघं चालत न्हाईत."

सगळ्यांनी नागेशकडं बघितलं. झुंबरनेही बघितलं, असं सुकन्या अजून सांगते.

"मला ऑफिस आहे," नागेश म्हणाला.

"रजा आहे की शिल्लक," सुकन्या म्हणाली. "भरपूर आहे."

अशा रीतीने फ्लॅट सोडायचा की नाही, याचा निकाल लागला. टाकी नवी आली, उतार सरळ झाला, पंखा पंख्याच्या बटणावर फिरायला लागला. त्याखाली सुकन्या आणि आबाजी दुपारची झोप घेऊ लागले. नागेश मात्र फ्लॅट सोडून वरकुट्याला हिंदुरावांच्या रानात राहायला गेला. सुतळीच्या जाळीची वाघर, तिच्यात दोनशे मेंढरं आणि मेंढरांच्या मधोमध घोंगडीवर डेअरीचा कारकून.

पहिल्याच सकाळी हिंदुराव तांब्या घेऊन बांधावर आले. रानभर काळी पखरण पडली होती. ती बघून त्यांचा चेहरा फुलला. फिरत फिरत ते नागेशपाशी आले आणि त्याच्या घोंगडीकडं बघत उभे राहिले. नागेशला वाटलं, आता विचारतील, झोप लागली का, काही हवं-नको का. तो उठून बसला आणि सवयीनं म्हणाला, "तात्या, चहा…"

"नागेशराव, राग मानू नगा," हिंदुराव म्हणाले, "पर आजपास्नं जरा बांधावर झोपा. तुमी निजलाय तेवढं रान कोरडंच ऱ्हायलंय बगा. तितं एखादं मेंढरू बसलं असतं, तर कायतरी पदरात पडलं असतं."

नागेश उठला, घोंगडीची घडी केली आणि बांधावर गेला.