शिवाप्पांच्या गिरणीतले युजर

दळण घेऊन आलेल्या बाईला आमचे शिवाप्पा गिरणीवाले 'युजर' म्हणतात. पट्टा फटफटत असतो, जातं घरघरत असतं आणि त्यावर आवाज चढवून अप्पा ओरडतात, "युजर आली! वाट द्या!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काशीबाईंनी डबा आपटला. "सत्तरी आली माझी. आजवर मला असलं कुनी बोललं न्हाय!" अप्पांनी हात जोडले. "अवो मावशी, शिवी न्हाय ती. युजर म्हन्जे देव." "मग देवाचं दळण आधी घे," म्हणत काशीबाईंनी डबा सगळ्यांच्या पुढं सरकवला.

माझं झेरॉक्सचं दुकान या गिरणीच्या बरोबर समोर. अख्ख्या नळदुर्गात मला दुसरी जागा मिळू नये, हे माझं नशीब. माझ्या मशिनवर पीठ, चहात पीठ, मिशीवर पीठ. कुणाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढली तरी भाकरीचा वास येतो. तक्रार केली की अप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "दिगू, हा तुझा पेन पॉइंट हाय, म्हन्जे दुखरी जागा. ध्यानात घेतला." ध्यानात घेतात खरं, पण पीठ काही थांबत नाही.

हे खूळ कुठून आलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक पोरगी, भाग्यश्री, बंगळूरला नोकरीला. मोबाइलमधली ॲपं माणसाला वापरताना वैताग येऊ नये अशी कशी करायची, याचा विचार करायचा पगार मिळतो तिला. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. गिरणीच्या आवाजानं अप्पांचे कान गेलेले, म्हणून फोन स्पीकरवर, म्हणजे बापलेकीचं बोलणं सगळ्या गल्लीत. पूर्वी त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं.

"जेवलात?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं, ठेवू?"

"ठेव."

मग एका रविवारी काय सुचलं कुणास ठाऊक, 'ठेव' म्हणायच्या ऐवजी अप्पांनी विचारलं, "बाई, तुझं काम म्हन्जे नेमकं काय गं?" अन् पोरगी जी सुटली म्हणता! आधी माणूस समजून घ्यायचा, त्याचं कुठं अडतं ते बघायचं, मग एकेक पायरी ठरवून पुढं जायचं, म्हणजे धंदा आपोआप वाढतो, अन् या पायऱ्यांना फ्रेमवर्क म्हणतात. मी दुकान झाडून, दिवा लावून, शटर ओढून घरी निघालो तरी हे चालूच. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला ऐकवलं, "दिगू, आपल्या गिरणीला फ्रेमवर्कच न्हाय रे!" जणू छप्परच नव्हतं.

झालं, दर सोमवारी नवा प्रयोग. आधी मुलाखती. अप्पा प्रत्येक बाईसमोर उकिडवे बसून विचारायचे, "दळनाच्या या प्रवासात तुमाला कुठं दुखलं?" काशीबाई म्हणाल्या, "गुडघ्यात." अप्पांनी मान डोलवली. "महत्त्वाचा मुद्दा हाय."

मग सरासरी बाईचा प्रयोग. हरेकीचा वेगळा विचार करत बसायचं नाही, एक सरासरी बाई डोळ्यांपुढं ठेवायची अन् तिच्यासाठी धंदा मांडायचा, असं भाग्यश्रीनं सांगितलं. दुसऱ्या कुणी ते मनात ठेवलं असतं. अप्पांनी पेंटर बोलावून ती बाई गिरणीच्या भिंतीवर काढून घेतली. नथ, डोईवर डबा, खाली अक्षरं: 'शांताबाई. वय चाळीस. ज्वारी. कायम घाईत.' आता आमच्या गल्लीत तीन शांताबाया. पहिली म्हणाली, माझं नाक असलं बसकं न्हाय. दुसरी म्हणाली, चाळीस कुनाला म्हनतोस रे मुडद्या? तिसरी साठीची, तिनं मात्र खूश होऊन धपाटे पाठवले. शेवटी पेंटरकडून खाली एक ओळ वाढवून घ्यावी लागली: 'ही बाई आपल्यापैकी कुणी नाही.'

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग भाग्यश्रीनं विचारलं, "अप्पा, युजरचा जास्तीत जास्त वेळ कशात जातो?"

"बसन्यात. दळन होईस्तोर बाकावर बसत्यात की."

"मग तोच वेळ वाचवा त्यांचा."

सोमवारी बाक आत गेला आणि पाटी लागली: 'डबा ठेवा, घरी जा. पीठ झाल्यावर मिस कॉल मिळेल.' अप्पांची छाती फुगली. आठवडाभर मिस कॉल वाजले, मग एकेक डबा कमी व्हायला लागला. बाया वेशीजवळच्या गिरणीवर जाऊ लागल्या. ती गिरणी म्हणजे नुसता खटारा, पीठ जाडंभरडं येतं, माणूस ताटकळून बेजार होतो. तरी गर्दी तिथंच! इकडं भर दुपारी पट्टा थांबलेला. माझा चहा पहिल्यांदा बिनपिठाचा झाला, अन् खरं सांगतो, घशाखाली उतरेना. ही गिरणी बंद पडली तर हा माणूस दिवसभर करणार काय? घरी बोलायला भिंती. अप्पा पोत्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायचे, मला लई वाईट वाटायचं.

रविवारी भाग्यश्रीनं नवा उपाय दिला. "अप्पा, युजर का गेले ते विचारा. उत्तर आलं की त्याला पुन्हा 'का' विचारा. मुळापर्यंत जा."

सोमवारी काशीबाई डबा घेऊन वेशीकडं निघालेल्या. अप्पा आडवे गेले.

"मावशी, तिकडं का?"

"तिथं बसायला मिळतंय."

"बसायचं का?"

"बोलायला."

"बोलायचं का?"

"घरात सून आसती. तिच्याफुडं तिच्याबद्दल कसं बोलू?"

"सून का–"

"आता का म्हनलास तर डबा डोस्क्यात घालीन!"

मी दुकानातून उडी मारली. "अप्पा, सापडलं की! त्यांना पीठ लवकर नकोच होतं. सासू दुपारी येऊन सुनेबद्दल बोलते, सून सकाळी येऊन सासूबद्दल. तुम्ही त्यांची जागाच काढून घेतली. बाक बाहेर आणा!"

अप्पांनी बाक आणला, पुसला, पाटी उतरवली. चार दिवसांत बाया परत आल्या. माझा चहा पूर्ववत पांढरा झाला.

रविवारी फोन आला. अप्पांनी गिरणी बंद केली. समोर बाक गच्च भरलेला.

"अप्पा, सापडलं का मूळ?"

"न्हाय गं बाई," अप्पा म्हणाले. "लई गुंता हाय. तूच सांग आता."

मी चाटच पडलो. पोरगी पुष्कळ वेळ समजावत राहिली, अप्पा हुंकार देत राहिले. फोन संपल्यावर मी तरातरा रस्ता ओलांडला. "एवढ्या बाया बसल्यात डोळ्यांपुढं. खोटं कशाला बोललात?"

अप्पा धोतराच्या सोग्यानं फोनवरचं पीठ पुसत होते. "सापडलं म्हनलं आसतं तर काय झालं आसतं?"

"खूश झाली असती."

"व्हय. 'शाब्बास अप्पा' म्हनली आसती, गोळी घेतली का इचारलं आसतं, अन् ठेवला आसता फोन."

बाकावरच्या काशीबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि "पीठ गेलं डोळ्यात," म्हणाल्या. गिरणी बंद होती.

पुढच्या रविवारी बाकावर जागा उरली नव्हती, काही बाया खाली पायरीवर टेकल्या होत्या. दळण होऊन गेलं होतं, तरी कुणी उठेना. फोन वाजला.

"अप्पा, आता तरी येतंय का कुणी?"

अप्पांनी समोर पाहिलं. "न्हाय गं बाई. सगळी सामसूम हाय."

कुणी खोकलं नाही, कुणाची बांगडी वाजली नाही. काशीबाईंनी शेजारी बसलेल्या आपल्याच सुनेच्या तोंडावर हात ठेवला होता, अन् सुनेनं काशीबाईंच्या.

पलीकडून भाग्यश्री म्हणाली, "बरं. मग आपण पहिल्यापासून बघू सगळं. वेळ आहे ना तुम्हाला?"

"वेळच वेळ हाय," अप्पा म्हणाले. "बोल तू."