एकशे बासष्टने जड

यंत्राने तिसऱ्यांदा तोच आकडा दाखवला आणि पीएचडी करणारी मुलगी तो घेऊन थेट सरांकडे गेली. तिच्या जिवाणूने बाहेर सोडलेलं प्रथिन असायला हवं त्यापेक्षा एकशे बासष्ट डाल्टनने जड भरत होतं. डाल्टन म्हणजे रेणू तोलायचं माप. आणि साखरेचा एक रेणू चिकटला की वजन नेमकं एवढंच वाढतं, हे तिच्या सरांना तोंडपाठ होतं.

"प्रयोगशाळेत चहा पितेस?"

"नाही हो सर!"

"मग साखर काय चालत आली? महिनाअखेर स्वच्छ नमुना दे, नाहीतर तीन वर्षांचं काम रद्द समज."

झालं! अख्ख्या मजल्यावर चहा बंद, बिस्किटं बंद. शिपाईकाकांच्या खिशातली खोकल्याची गोळीसुद्धा जप्त झाली, आणि मग काका प्रत्येक मीटिंगमध्ये खणखणीत खोकत राहिले. मुलीने हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतली. आकडा मात्र ढिम्म हलेना.

घरी येऊन ती आईपुढे रडली. आई इस्त्री करत होती.

"अगं, तो जिवाणूच लावत असेल साखर," आई म्हणाली. "बाहेर पाठवायचं म्हटल्यावर नीट नटवून-थटवून नाही का पाठवणार? तू तरी चुरगळलेल्या कपड्यांत जातेस का कुठे?"

मुलगी रडायची थांबली. तिने जिवाणूचं साखर जोडणारं जनुकच बंद करून टाकलं. वजन बरोब्बर उतरलं! पण ते उघडंबोडकं प्रथिन बाहेर पडताच तासाभरात तुकडे होऊन संपलं. साखरवालं तीन दिवस ठणठणीत. ना डोळे, ना डोकं, आणि त्या एवढ्याशा जिवाला बाहेरच्या जगाची इतकी पक्की जाण! तिला त्याचं फार फार कौतुक वाटलं.

सरांनी आलेख दोनदा पाहिला, चष्मा काढून ठेवला.

"कामाला लाग, प्रबंध लिही," ते हळूच म्हणाले. "मलाही हाच आकडा आला होता. बावीस वर्षांपूर्वी."

"मग?"

"आमच्या सरांनी विचारलं, चहा पितोस का? मी घाबरून नमुना बेसिनमध्ये ओतला आणि शपथच घेतली. तेव्हापासून साखरेला शिवलो नाही."

दारातल्या काकांचा खोकला थांबला.

"म्हणजे सर, तुम्हाला डायबिटीस नाही?"

"छे! कोण म्हणालं?"

"अहो, पंधरा वर्षं आम्ही तुमच्या वाढदिवसाचा केक तुमच्यापासून लपवून खातोय!"