गुलाबरावांच्या रेघा

गुलाबराव पंगतीत बसले की पहिला घास घेण्याआधी पत्रावळीवर भाताचे बांध घालायचे. एक बांध वरणाच्या अलीकडे, एक कढीच्या पलीकडे, आणि बुंदीला कोपऱ्यात स्वतंत्र हद्द. एका लग्नात वाढप्यानं घाईत कढी ओतली आणि ती बांध फोडून बुंदीपर्यंत पोचली, तर हे ताडकन उठून उभे राहिले.

"आता कढी बिघडली का बुंदी बिघडली, कसं ठरवाल? दोन्हीचा तुकडा एक करून टाकला ना तुमी!"

नवरदेवाकडची मंडळी घाबरली. आम्ही इंझोरीकर मात्र निवांत जेवत होतो. आम्हाला सवय होती, आणि खरं सांगायचं तर अभिमानही होता. समुद्राचे तुकडे पाडलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात आमच्याच गावात होता!

गुलाबराव मुंबईच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला होते. किनाऱ्याचं पाणी कुठं स्वच्छ आणि कुठं घाण हे बघायचं, तर एवढा लांब किनारा एकदम कसा तपासणार? म्हणून त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं पाणी वेगळं तपासायचं आणि बिघडलं असेल तिथं इलाज करायचा. त्या तुकड्यांच्या रेघा नकाशावर मारायचं काम यांच्याकडे. आणीबाणी उठली त्या वर्षी नोकरी सोडून ते गावी परतले. का सोडली, ते कोणाला सांगितलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. सोबत एक ट्रंक, शाईची दौत आणि रिकाम्या बाटल्यांचं पोतं.

"मास्तर, पाण्याले तालुका समजत नाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे ते ऐकण्याचा मान दिवसातून दोनदा माझा. "जिथं पाण्याचा सोभाव बदलते, तिथं रेघ मारायची. साहेबाच्या सोयीनं नाई!"

आल्या आल्या त्यांची नजर गावतलावावर गेली. एकाच काठावर बाया पिण्याचं पाणी भरायच्या, तिथंच धुणं आपटायच्या, आणि तिथंच म्हशी डुंबायच्या. दर उन्हाळ्यात हगवण-उलटीनं घरोघर कोणी ना कोणी अंथरूण धरायचं. गुलाबरावांनी आठवडाभर बाटल्या भरून पाणी उन्हात धरून पाहिलं आणि तलावाचे तीन तुकडे पाडले. वरच्या अंगाला पिण्याचं, मधे धुण्याचं, सांडव्याकडे म्हशींचं. हद्दींवर मोठाले दगड रोवले आणि लांबून दिसावेत म्हणून ते लाल तेलरंगानं रंगवले.

इथं गाडी घसरली. आमच्याकडे दगड लाल झाला की त्याचा देव होतो. तिसऱ्या दिवशी दगडापुढे उदबत्ती लागली, पाचव्या दिवशी नारळ फुटला. वाहिलेली फुलं वाऱ्यानं सरळ पिण्याच्या पाण्यात. गुलाबराव काठावर नाचायचेच काय ते राहिले होते.

"अवं, हा देव नाई! हद्द हाय, हद्द!"

"देवाचीच हद्द हाय ना?" सरूबाई म्हणाली. तलावावर सगळ्यात मोठा आवाज तिचा. "मंग आमी कुठं नाई म्हनून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन दगड पांढरे करायला निघाले. मीही मजा बघायला मागोमाग गेलो. तेवढ्यात एक गडी म्हैस घेऊन दगडाच्या अलीकडे, पिण्याच्या पाण्यात उतरायला लागला, आणि सरूबाई कडाडली, "काहून रे, डोळे फुटले का? देवाच्या अंगावर म्हस नेतं?" म्हैस मागे फिरली ती थेट सांडव्याकडे गेली.

गुलाबरावांनी डबा हळूच खाली ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, नारळ काठावर फोडा, खोबरं घरी न्या. पाण्यात फूल पडलं तं देव उठून जाईन, सांगून ठेवतो."

वाटणी त्या दिवशी पक्की झाली. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या आळीत एकानंही अंथरूण धरलं नाही. शेलूबाजारला कोणी गाव विचारलं की आम्ही छाती फुगवून सांगायचो, आमच्या गावात म्हशीसुद्धा हद्द पाळतात.

असा हा बोलका माणूस राखीपौर्णिमेच्या सुमाराला मात्र गप्प व्हायचा. त्या दिवसांत टपालानं त्यांना एक पाकीट यायचं. आत राखी. ती ते बांधत नसत. फळीवर बाटल्यांच्या शेजारी ठेवत आणि कागद घेऊन माझ्याकडे येत.

"मास्तर, अक्षर तुमचं चांगलं हाय. अर्ज लिवा."

अर्ज एकच, त्या जुन्या कचेरीला. अमुक खाडीजवळच्या तुकड्याचे दोन तुकडे करावेत. दुसऱ्या वर्षी न राहवून मी विचारलं, "गुलाबराव, राखी का बांधत नाही?"

ते बराच वेळ जमिनीवर बोटानं रेघा मारत राहिले.

"त्या खाडीपाशी कोळ्यायची वस्ती हाय. मी बाटल्या भराले जाओ, तं एक बाई जेवू घाले. भाऊ म्हने. तिच्या दारापाशीच कारखान्याचा नाला येते. मी तिथं दोन तुकडे पाडले होते. साहेब म्हने, एकच करा. एक केला, अन् लांबचं चांगलं पाणी अन् तिच्या दारचं घाण पाणी मिळून सरासरी बरी आली. कागदावर सारं साफ! मंग नाल्याले कोण हात लावते?" त्यांनी स्वतःचा तळहात समोर धरला. "सांगतलं साहेबानं, पण रेघ मी खोडली मास्तर. याच हातानं. या हातावर राखी कशी बांधू?"

"तिला माहीत आहे?"

"मीच सांगतलं. तरी पाठोते."

त्या वर्षीचा अर्ज मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिला.

उत्तर तिसऱ्या अर्जाला आलं. जाड पाकीट, आत पत्र आणि नवा छापील नकाशा. शाळेच्या ओट्यावर गुलाबराव भिंग घेऊन बसले. खाडीच्या तोंडाशी एक बारीक रेघ होती. वस्तीचा तुकडा वेगळा झाला होता, आणि नाल्याची तपासणी लावल्याचं पत्रात लिहिलं होतं. मी आनंदानं ओरडलोच. वाटलं, आता हे नकाशा गावभर मिरवणार. त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि ते सरळ घरी गेले.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते फळीसमोर मांडी घालून बसले होते. तिन्ही वर्षांच्या राख्या काढल्या होत्या, दोन पुढ्यात, पहिली मनगटावर. दोऱ्याचं एक टोक दातात धरून खटपट चालली होती आणि रेशीम पुन्हा पुन्हा निसटत होतं.

"बरे आले मास्तर," त्यांनी हात पुढे केला. "एका हातानं गाठ बसत नाई."