लिफ्टवाले जिना चढतात

जन्मभर लोकांना वर पोचवणारा माणूस (गैरसमज नको, लिफ्टने) स्वतःच्या पायांनी किती वर चढू शकेल, याचा तुम्ही कधी विचार केलाय का?

नसेल, तर मनाला लावून घेऊ नका. लिफ्टवाल्यांनी स्वतःही केला नव्हता.

लिफ्टवाले म्हणजे सातव्या मजल्यावरचे गृहस्थ. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि राहत्या इमारतीची लिफ्टही त्यांच्याच हवाली. रात्री गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन ती बंद करायची, सकाळी चालू करायची आणि खोलीची किल्ली घरात दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. गच्चीचा तेवढा एक जिना हाच त्यांचा व्यायाम. तोही चढून आले की ते खुर्चीत बसून असा सुस्कारा टाकत, की इमारतच त्यांनी डोक्यावर घेऊन वर नेली होती.

त्यांचे साडू याच्या अगदी उलट. ते पहाटे उठून धावणाऱ्यांपैकी. धावण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण ही माणसं तासभर धावतात आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात. कामानिमित्त ते दोन दिवस मुक्कामाला आले होते. रात्री जेवताना त्यांनी नाडीचे ठोके, बुटांचे तळवे आणि पोटऱ्या या विषयांवर सविस्तर माहिती दिली आणि शेवटी लिफ्टवाल्यांकडे वळले.

"आमच्या साडूभाऊंचं बरंय," ते म्हणाले. "बटण दाबलं की झाला व्यायाम. एक बोट मात्र पैलवानाचं आहे हो त्यांचं."

हा विनोद जुनाच होता. बायकोच्या माहेरच्या प्रत्येक कार्यात तो व्हायचा, सगळे हसायचे, बायकोही हसायची आणि घरी येताना वाटेत एक शब्द बोलायची नाही. आज मात्र ती हसली नाही. रिकामं भांडं उचलून आत गेली. भांडं रिकामं आहे हे लिफ्टवाल्यांना दिसलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

"मी रोज जिन्यानेच येतो," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात चमचा पडल्याचा आवाज आला.

एकदा जीभ घसरली की माणूस सावरत नाही, आणखी घसरतो. सकाळी दोघांनी तळापासून सातव्या मजल्यापर्यंत धावत यायचं, असं ठरूनसुद्धा गेलं. जिना अरुंद, तेव्हा एकेकट्याने धावू, ही सूचना लिफ्टवाल्यांची. आधी साडू धावतील आणि वर थांबतील, मग लिफ्टवाले निघतील. बायकोने वर घड्याळ धरायचं. सूचना किती समंजस होती पाहा. कारण लिफ्टवाले पहिल्या मजल्यावर गुपचूप लिफ्टमध्ये शिरणार होते, सहाव्यावर उतरणार होते आणि शेवटचा मजला जीव तोडून धावणार होते. वीस वर्षं ज्या लिफ्टची सेवा केली तिने एवढं तरी करायला नको?

त्या रात्री ते निर्धास्त झोपले. आणि सकाळी उठून पाहतात तो खिळ्यावर किल्ली नाही.

किल्ली नाही म्हणजे लिफ्ट नाही. त्यांनी खिसे पाहिले, उशीखाली पाहिलं, चपलांखाली पाहिलं. कुलूप लावायचंच राहिलं असेल या आशेने गच्चीवरही जाऊन आले, आणि शर्यतीआधीच त्यांना धाप लागली.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"चष्मा."

"नाकावर आहे," ती म्हणाली आणि घड्याळाला किल्ली द्यायला लागली.

या शोधाशोधीत खाणं राहिलं. पाणीही राहिलं. उपाशीपोटी, नुसत्या कडक चहावर आणि वीस वर्षांच्या विश्रांतीच्या जोरावर लिफ्टवाले तळमजल्यावर उभे राहिले. साडू वाऱ्यासारखे वर गेले आणि तिथून त्यांनी "या आता" अशी प्रेमळ हाक मारली.

अजूनही माघार घ्यायला वाव होता. गुडघ्याचं निमित्त होतं, कंबरेचं होतं. पण डोळ्यांपुढे ते रिकामं भांडं आलं, आणि माणसाने शहाणपण गहाण टाकलं. ते धावले.

पहिला मजला झकास गेला. दुसऱ्यावर त्यांना वाटलं, उगाच घाबरलो. तिसऱ्याच्या जिन्यात पायांत कुणीतरी शिसं ओतलं. चौथ्यावर कानांत मशीनची घरघर सुरू झाली (मशीन बंद होतं), अंगाला गार घाम सुटला, आणि ते जिथे होते तिथे एकदम थांबले. तीच शेवटची चूक. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कठड्याला धरून ते खाली घसरले आणि चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या दाराशी, त्यांच्या पायपुसण्यावर आडवे झाले.

दैवाची निवड पाहा. या बाई कित्येक महिने तक्रार करत होत्या की लिफ्ट त्यांच्या मजल्यावर वीतभर खाली थांबते, आणि लिफ्टवाले कित्येक महिने "उद्या बघतो" म्हणत होते. दार उघडून बाईंनी खाली पाहिलं.

"आज उजाडला का तुमचा उद्या?" त्या म्हणाल्या. पण बोलताबोलताच खाली बसून त्यांनी मनगट हातात घेतलं होतं.

एव्हाना वरून बायको आणि साडू धावत आले. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. घड्याळ तिच्या हातात तसंच होतं. साडूंनी आल्याआल्या सूत्रं हाती घेतली: उभं करा, बखोटीला धरून चालवा, तांब्याभर गार पाणी पाजा. धावणाऱ्यांना सगळं माहीत असतं. नर्सबाईंनी साडूंना शोभेलसं काम दिलं. आतून चपलांचं स्टूल आणायला सांगितलं. त्यावर लिफ्टवाल्यांचे पाय उंच ठेवले, गळ्याजवळची बटणं सोडली, खिडकी उघडली.

"छातीत दुखतंय? दडपण वाटतंय?"

"नाही."

"डाव्या हातात? जबड्यात?"

"नाही."

"मग काय होतंय?"

"लाज वाटतेय."

"त्याला माझ्याकडे औषध नाही," बाई म्हणाल्या. पण बायकोला त्यांनी बजावलं की यातलं काहीही जाणवलं, शुद्ध हरपली किंवा श्वास जागेवर आला नाही, तर तत्काळ अँब्युलन्स. साडूंच्या हातात त्यांनी फोन देऊन ठेवला. बायको नवऱ्याच्या उशाशी बसली आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुन्हापुन्हा पुसत राहिली. तो कधीच सुकला होता, तरी.

हळूहळू श्वास जागेवर आला. चेहऱ्यावर रंग आला. मग बाईंनी घोटघोट पाणी दिलं, जरा वेळाने कुशीवर वळवलं, मग बसवलं, आणि घाईने उठाल तर पुन्हा इथेच पडाल अशी तंबी दिली. थोड्या वेळाने अर्धं केळं. सगळं कसं लहान मुलासारखं. नंतर त्या म्हणाल्या की आता घरी जाऊन पडा, डॉक्टरांना मात्र आजच्या आज दाखवा, आणि जिना चढायचा नाही. लिफ्टने जा.

सगळ्यांनी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं.

"बंद आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले. "किल्ली सापडत नाही."

बायको उठली, वर गेली आणि किल्ली घेऊन आली. किल्लीच्या भोकात तांदळाचे दोन दाणे अडकले होते.

लिफ्टवाल्यांनी दाण्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. किल्ली का लपवलीस, असं विचारावं, तर ती विचारणार, मग चष्मा शोधतोय असं का सांगितलंत. आणि साडू तर कान टवकारून उभे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मशीनच्या खोलीत जायचं काम अर्थात साडूंकडे आलं. ते उत्साहाने गेले आणि जिन्यातले दिवे बंद करून आले. लिफ्टवाल्यांनी पायपुसण्यावर बसून पुन्हा समजावलं. ते पुन्हा गेले, आणि पाण्याचा पंप चालू झाला. टाकी वाहू लागल्यावर तो बंद करायला पुन्हा. असं किती वेळा झालं कोण जाणे, पण शेवटी लिफ्ट आली तेव्हा साडू कठड्याला धरून उतरत होते आणि पोटऱ्यांबद्दल काहीही बोलत नव्हते.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर वीतभर खाली थांबली. बायकोचा खांदा धरून लिफ्टवाले आत उतरताना अडखळले. नर्सबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

दुपारी डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. तो सुरळीत होता. त्या दिवसात तेवढंच काय ते सुरळीत होतं. डॉक्टर म्हणाले, सवय नसताना एकदम एवढं धावायचं, उपाशी, आणि मग एकदम थांबायचं, म्हणजे चक्कर आली यात नवल ते काय. आज विश्रांती घ्या. उद्या बरं वाटलं तर नेमाने चाला, जिना उतरून जा, पण बेताने. चालताना सोबत कुणी असू द्या, आणि दम न लागता बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवा.

"बोलता आलं पाहिजे ना?" बायकोने विचारलं.

"हो. न थांबता."

"म्हणजे विचारलेल्याला उत्तर देता आलं पाहिजे," ती म्हणाली, आणि डॉक्टरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधून लिफ्टने खाली गेले. लिफ्टवाले बायकोबरोबर जिन्याने सावकाश निघाले आणि चौथा मजला यायच्या आत त्यांनी, दम न लागता, सगळं कबूल केलं.