धान्याच्या गाड्या परत

त्या रविवारी घरातनं निघताना मी दोन गोष्टी ठरवल्या व्हत्या. एक, जावयासमोर डोकं तापवायचं न्हाई. दुसरी, लेकीच्या घरचं पानी प्यायचं न्हाई. दोन्ही साध्याच. पन त्या पाळता पाळता दुपारपतुर माझं एक आख्खं राज्य बुडालं आन् त्यातली मानसं उपाशी मेली. कसं ते सांगतो.

(मी चौथीपतुर शिकलोय. लिहिन्यात काय वाकडंतिकडं झालं तर हसा, पन माझ्यासमोर हसू नका.)

मी चांगदेव. गाव तिकडं माण तालुक्यात. हितं दिघ्यात र्‍हातो, रबाळ्याला एका कंपनीत माल चढवतो-उतरवतो. माझं डोकं लवकर फिरतं हे आमच्या गल्लीत कुत्र्यांना बी म्हाईत हाय. बायको गंगू. एकुलती एक लेक गीतांजली, आमी गीता म्हनतो. दिवाळीनंतर तिचं लगीन झालं आन् ती जुईनगरला फ्लॅटमदी र्‍हायला गेली. जावई कुलदीपराव, घरानं सांगलीकडचं, पोरगं कंप्युटरवालं. घरात खुर्चीत बसून नोकरी करतं. जो मानूस कामाला चप्पल घालून जात न्हाई त्येला मी काम करनारा म्हनत न्हाई, पन पोरगी दिलीया, मान द्यायला लागतो.

आता आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईस्तवर आईबापानं तिच्या घरी जेवायचं न्हाई. पानी बी घ्यायचं न्हाई. माझा बाप थोरल्या भनीकडं गेला की आधी गावाभाईरच्या हापशावर पोटभर पानी प्यायचा, मग तिच्या दारात पाय ठेवायचा. मी बी तसंच. घरनं भाकरी खाऊन निघतो आन् पान्याच्या दोन बाटल्या संगं नेतो. गीताच्या सोसायटीचा वॉचमन मला पानी पोचवनारा समजतो आन् मागच्या लिफ्टनं जा म्हनतो. एकदा त्येच्यावर हात उचलला व्हता. गंगूनं धरला.

गंगूला मी सांगून ठेवलंय, ती बी रीत पाळती. माझ्या शब्दाभाईर जात न्हाई. बाईमानूस देवाचं मातर लई करतं. दर गुरुवारी मठात जाती. आन् मठाचा गुन हाय, मी मान्य करतो. गुरुवारी परत आली की तिच्या हाताला येगळीच चव. डब्यातनं वांग्याचं भरीत काढती, म्हनती सकाळीच करून ठेवलं व्हतं. लसूण जरा करपवलेला, शेंगदाना आख्खा. बाकीच्या दिवशी तिचं भरीत म्हंजे नुसता चिखल. मी कितींदा म्हनलं, गंगे, रोज जात जा मठात. तर म्हनती, "रोज न्हाई जमत, देवाला बी कामं असत्यात."

तर यंदा आला अधिक महिना. नव्या जावयाचा पयला अधिक, म्हंजे त्येला घरी बोलवून धोंड्याचं जेवन घालायचं, पुरनाचे धोंडे, ताट, कापडं. मी गावाकडनं चुलतभावांना बी बोलावलं व्हतं. आन् गीताचा फोन आला.

"आबा, रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं. जेवला नाहीत, तर आम्ही पण धोंड्याला येणार नाही."

"रीत हाय गं."

"मग धोंडा पण रीतच आहे. ती पण सोडू."

फोन ठेवला पोरीनं. माझ्यावर गेलीया. म्हंजे आता बघा, जेवलो तर बापजाद्याची रीत बुडाली, न्हाई जेवलो तर पयल्या अधिकात जावई दारात न्हाई आन् चुलतभाऊ ओट्यावर बसून इचारनार, काय चांगदेवा, पावनं कुठं हायत?

मी ठरवलं, जायचं. गप बसायचं. गोड बोलायचं. आन् न जेवता परत यायचं. गंगू बसमदी म्हनली, "अवो, त्येंच्याशी दोन शब्द बोला. त्येंच्या आवडीचं कायतरी इचारा. दर येळंला हुंबासारखं गप बसता."

पोचलो. गीतानं पानी आनलं. मी पिशवीतनं बाटली काढली. तिनं तांब्या तसाच आत नेला. आतनं करपलेल्या लसणाचा वास येत व्हता. वळखीचा वाटला, पन कुठला ते सुचंना.

कुलदीपराव लॅपटॉप घेऊन बसलेलं. मी घसा साफ केला. "काय काम चाललंय?"

"काम नाही मामा, गेम आहे. जुन्या काळातली राज्यं, किल्ले, लढाया. खेळता का?"

(हितं मी न्हाई म्हनलो असतो तर ही गोष्टच झाली न्हसती.)

"लावा," म्हनलं.

स्क्रीनवर नकाशा आला. तांबडं राज्य, निळं राज्य, हिरवं राज्य, सगळी ऐसपैस. आन् मधी एक बारकं, उन्हानं करपल्यासारखं, पिवळट.

"हे कुनाचं?"

"ते नका घेऊ मामा. सगळ्यात वीक आहे. दोन गावं, एक मातीचा कोट, मूठभर माणसं. पहिल्या थंडीतच संपतं. एक्स्पर्ट लोक घेतात, चॅलेंज म्हणून."

"घ्या त्येच."

"मामा, पहिल्यांदा खेळताय..."

"आमच्या माणासारखी जमीन दिसतीया. घ्या म्हनलं न्हवं."

गंगू खोकली. मी आवाज खाली घेतला.

कुलदीपरावांनी मग मला लई शांतपनानं समजावलं. मानूस खुर्चीतला असला तरी सांगतो चांगलं. म्हनले, "हे राज्य घेतलं की सुरवातीलाच भांडायचं नाही. पहिली कामं तीन. निळ्या राजाला नजराणा पाठवायचा, वाकून राहायचं. धान्य साठवायचं, एक दाणा वाया घालवायचा नाही. आणि राजकन्या हिरव्या राजाच्या मुलाला द्यायची, म्हणजे एक बाजू सेफ."

तेवढ्यात निळ्याचा दूत आला. टोपीत पीस खोवलेलं. इंग्रजीत कायतरी बोलला.

"काय म्हनतोय?"

"म्हणतोय, खंडणी द्या, नाहीतर परिणामाला तयार राहा."

"त्येला हाना."

"हाणायचं नसतं मामा, तो दूत आहे."

"मग त्येला सांगा, तुझ्या राजाला म्हनावं तूच ये. पीस लावून मानसं कसली धाडतो."

"मामा, असं ऑप्शनच नाही. 'देतो' आणि 'देत नाही' एवढंच आहे."

"देत न्हाई."

कुलदीपरावांनी माझ्याकडं एकदा बघितलं आन् बटन दाबलं. दूत निघून गेला. जाताना त्यो हसला असं मला वाटलं.

मग लग्नाचं निघालं. पडद्यावर माझी राजकन्या आली. पंधरा-सोळाची, टपोरं डोळं. मला उगाच गीता दिसाया लागली. म्हनलं, "पोरगा काय करतो?"

"हिरव्या राजाचा मुलगा आहे."

"त्ये कळलं. स्वभाव कसाय? पितो का?"

कुलदीपराव वाचाय लागले. "लिहिलंय, उदार आहे, विश्वासू आहे. आणि आळशी."

"आळशी? म्हंजे दिवसभर खुर्चीत..."

गंगू परत खोकली, ह्या टायमाला जोरात. कुलदीपरावांचं कान तांबडं झालं. मी म्हनलं, "चालंल. सुधरंल. द्या पोरगी."

"लग्न साधं करायचं का मोठं? साधं करा मामा. मोठ्या लग्नाला निम्मं कोठार जातं."

आता तुमीच सांगा. एकुलती एक पोरगी. हिरव्याकडची मानसं येनार. साधं लगीन केलं तर म्हननार पिवळट राज्यातली मानसं चिकट. मी म्हनलं, "मोठं. आन् जेवनावळ दोन्ही गावांना."

गंगू म्हनली, "अवो, थंडी यायलीया म्हनत्यात ते."

"तू गप."

लगीन झकास झालं. तुताऱ्या वाजल्या. पोरगी घोडागाडीत बसून गेली तवा मी चष्मा पुसला. कोठार निम्मं न्हाई, तळाला गेलं, कारन दोन्ही गावं जेवली.

आन् बर्फ पडाया लागला. त्येच्याच मागं निळा राजा आला. मातीच्या कोटाला येढा घातला. आत माझी मूठभर मानसं. एक म्हातारा किल्लेदार व्हता, पांढरी दाढी, दर दिवशी तटावर येऊन हात जोडायचा. कुलदीपराव वाचायचे, "म्हणतोय, महाराज, आज अर्धीच भाकर वाटली." मग, "म्हणतोय, आज घोडा कापला." एकच घोडा व्हता.

मी पुढं सरकून बसलो. माझ्या पोटात बी कावळं वरडत व्हतं, भाकरी सकाळची, पन ते बोलायचं न्हवतं. पयली बाटली संपली.

तेवढ्यात हिरव्या बाजूनं गाड्यांची रांग दिसली. बैल, पोती. निळ्याच्या येढ्याला वळसा घालून मागच्या दारात येऊन थांबल्या.

कुलदीपराव म्हनले, "वाचलो मामा. लग्नाचा फायदा. मेसेज आलाय. 'बाबा, थंडी जास्त आहे. आमच्या कोठारातलं धान्य पाठवते.' घ्यायचं, का परत पाठवायचं?"

मी म्हनलं, "परत."

"मामा?"

"परत. लेकीच्या घरचं हाय."

"मामा, गेम आहे हा. कोठारात काहीच नाही. ही मरतील सगळी."

"मूल झालंय का तिला?"

त्येंनी यादी बघितली. "नाही. लग्नाला चारच महिने झालेत."

"मग परत."

गंगू ताडकन उठली. "अवो, काय येड लागलंय का? घ्या की. पोरगी देतीया, कोन बघतंय तिथं? तोंडावर ताट आल्यावर असं करत्यात व्हय? लेकीचं अन्न काय इख असतं?" इतकी का तापली मला कळंना. तिचा काय संबंध, ती तर कोटात न्हवती.

"दाबा," मी म्हनलं. "मी सांगतो तसं दाबा."

त्येंनी दाबलं. गाड्या मागं वळल्या. बैलं बर्फातनं हळूहळू गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारा किल्लेदार तटावर आला न्हाई. निळ्याचा झेंडा चढला. पडदा काळा झाला. त्येच्यावर इंग्रजीत चार शब्द आले. मी इचारलं न्हाई. समजलं.

मी मागं बघितलं तर स्वैंपाकघराच्या दारात गीता उभी. हातात भाकरीचं पीठ. किती येळ उभी व्हती कुनास ठाऊक.

"आबा," ती म्हनली, "तिनं काय मिरवायला पाठवलं नव्हतं धान्य."

एवढंच. आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. आता कोन जेवनार, तवा तापवायची गरजच न्हाई, असा.

मी बाटली उघडली आन् परत लावली. माझा बाप हापशावर पानी पिऊन यायचा, आन् माझी भन दारात तांब्या घेऊन उभी असायची. दर येळंला. त्यो तांब्या ती परत कुठं ओतायची, हे मी आजवर कवा बघितलं न्हवतं.

"कुलदीपराव," म्हनलं, "हे परत लावता येतं का? पयल्यापासनं नको."

"येतं मामा. सेव्ह होतं. गाड्या दारात आहेत तिथून लावू?"

"तिथनंच लावा."

बर्फ. कोट. किल्लेदार परत तटावर, दाढीसकट जिवंत. मागच्या दारात गाड्या. त्येंनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. कुठलं बटन ते बोटानं दावलं. मी दाबलं. पोती आत गेली. किल्लेदारानं हात जोडले, मी बी जोडले.

मग उठलो, मोरीत जाऊन हातपाय धुतले आन् जमिनीवर मांडी घालून बसलो. म्हनलं, "गीता, वाढ."

पोरीनं काय दंगा केला न्हाई. तवा ठेवला. गरम भाकरी, ठेचा, वाटीत भरीत, आन् तांब्याभर पानी. आधी पानी प्यायलो. आख्खा तांब्या. ती बघत उभी र्‍हायली.

मग भरताचा घास घेतला. लसूण करपवलेला. दाढंखाली शेंगदाना आला. आख्खा.

मी चावायचा थांबलो.

"गीता, हे भरीत कुनी केलं?"

"ह्यांनी. सकाळी लवकर उठून केलं, तुम्हाला आवडतं म्हणून."

"मला आवडतं हे त्येंना कसं म्हाईत?"

कुलदीपराव लॅपटॉपमदी शिरले. गीतानं आईकडं बघितलं. गंगूनं पंख्याकडं.

"गंगे," मी म्हनलं, "तुझा मठ कुठं हाय?"

"जुईनगरला."

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या." मग जरा थांबून म्हनली, "लिफ्ट हाय."

खरं तर डोकं फिरायला पायजे व्हतं. फिरवायला घेतलं बी. पन तोंडात घास व्हता, आन् त्यो थुकायचा म्हंजे तसला दुसरा गुरुवारपतुर मिळनार न्हाई. मी गिळला. वाटी पुढं केली. कुलदीपरावांनी उठून वाढलं. खुर्चीतनं उठलेलं मी त्येंना पयल्यांदाच बघितलं.

धोंड्याला दोघं आली. चुलतभावांच्या देखत मी जावयाला मानाचं ताट वाढलं. धोंडे गंगूनं केले. भरताचं नाव कुनी काढलं न्हाई.

पन त्यो किल्लेदार माझ्या डोळ्यासमोरनं जात न्हाई. दुसऱ्या खेपेचा न्हवं, पयल्या खेपेचा. लगीन झाल्यापासनं दर गुरुवारी मी लेकीच्या घरचं ताट चाटून पुसत व्हतो, आन् त्या म्हाताऱ्याला मी रीतीपायी उपाशी मारला.

आता गुरुवारी गंगू मठाला निघाली की मी काय इचारत न्हाई. मोठा डबा तेवढा घासून देतो.